पत्ती पुसायची न्हाई

कल्याणची मिशी गेली, आणि बाप जिवंत असताना गेली. धावडा गावच्या पारावर नुसतं एवढं वाक्य टाकून बघा, ऐकणारा तंबाखू चोळायचा थांबेल आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. शहरातल्या पोरांचं सोडा. त्यांना मिसरूड फुटायच्या आत ते काढायची घाई असते आणि त्यांना कोणी काही विचारतही नाही. पण कल्याण पन्नाशी ओलांडलेला माणूस, पुंजाराम नानांचा एकुलता एक मुलगा. त्यांच्या भावकीत बाप आहे तोवर मिशीला पत्ती लावत नाहीत. बाप गेला की अग्नी द्यायच्या आधी न्हावी येतो, मुलाचं डोकं आणि मिशी उतरवतो. तसं तोंड दिसलं की समोरच्याने समजून घ्यायचं असतं, विचारायचं नसतं.

त्यातून कल्याणच्या डोक्यावर केस नव्हतेच. कानामागे थोडी झालर उरली होती, तीही तो शिमगा झाला की मशीन फिरवून साफ करून टाकी. बाप जिवंत असल्याची खूण म्हणून त्याच्याकडे मिशी एवढीच काय ती राहिली होती. जाड, ओठावर उतरलेली, अगदी नानांसारखी मिशी होती ती.

जालन्यात मस्तगडला त्याचं घर. एका बियाणे कंपनीच्या गोदामावर तो देखरेखीला होता. माणूस चारचौघांसारखाच, ना कसला नाद, ना कसली हौस. वेगळं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे त्याचं दाढीचं ब्लेड. ब्लेड हा शब्द त्याच्या तोंडात नव्हता, तो पत्ती म्हणे. दोन्ही बाजूंनी धार असलेली साधी पत्ती लोक चार-दोन दाढ्या झाल्या की फेकून देतात. कल्याणने दसऱ्याला लावलेली पत्ती संक्रांतीचा तिळगूळ खाऊनच जायची. गोदामातले लोक त्याला हसत आणि मग हळूच विचारत, "कल्याणभाऊ, करता काय तुमी तिला?"

असं विचारलं की कल्याणची कळी खुले. "पत्ती झिजत न्हाई बाबा, गंजती. वापरून मरत न्हाई, आपून ओली ठिवून मारतो तिला." मग तो सगळं सांगे. दाढी करायची ती अंघोळीनंतर, केस मऊ पडल्यावर. हात हलका ठेवायचा, रेझर त्याच्या स्वतःच्या वजनाने उतरला पाहिजे. जोर दिला की संपलं. दाढी झाली की पत्ती बाहेर काढायची, गरम पाण्यातून बुडवून काढायची आणि झटकायची. पुसायची नाही, पुसली की धार वळते. मग काचेच्या ग्लासाच्या आत बोटाने दाबून थोडी मागेपुढे करायची, दोन्ही धारा जाग्या होतात. शेवटी तेलाचं बोट लावायचं. मंगळवार, शनिवार, एकादशी, अमावास्या हे दिवस तर देवाने पत्तीच्या विसाव्यासाठीच काढून ठेवलेत, असं त्याचं मत होतं.

ही विद्या नानांची. धावड्यात पहिला रेझर नानांनी आणला, भोकरदनच्या बाजारातून. तेव्हा सगळं गाव न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली मान देई आणि नाना सकाळी ओट्यावर आरसा टेकवून स्वतःची दाढी स्वतः करत. बघायला पोरं जमत. त्या पत्तीला नाना लेकरासारखे जपत.

त्या पत्तीपायीच नानांचं आणि तातेरावचं फाटलं. तातेराव नानांचा चुलतभाऊ, दोघांच्या घरांची भिंत एकच. त्याला मुलगी बघायला जायचं होतं, म्हणून तो पहाटे नानांचा रेझर मागून घेऊन गेला. घाईत दाढी केली, रेझर तसाच विहिरीच्या दगडावर ओला ठेवला आणि गेला निघून. नानांना तो सापडला तेव्हा नव्या कोऱ्या पत्तीवर तांबूस डाग पडले होते. तातेराव संध्याकाळी मुलगी पसंत करून खुशीत परतला, तर पारावर सगळ्यांच्या देखत नाना त्याला म्हणाले, "ज्याला पत्ती सांभाळता येत न्हाई, तो बायको काय सांभाळंल?" लोक हसले. तातेराव हसला नाही. तो म्हणाला, "पुंजाराम, तुझी पायरी आता तू मेल्यावरच चढंन." आणि तो शब्दाचा पक्का निघाला. लग्नं झाली, मुलं झाली, मुलांची मुलं झाली, पण एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून हे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. एवढीशी पत्ती, माणसाच्या अर्ध्या बोटाएवढी. माणसांना भांडायला काय वाट्टेल ते पुरतं.

पुढे नानांना मोतीबिंदू झाला. एक डोळा आधीच गेलेला होता, दुसऱ्यातही धुकं भरत गेलं, आणि शेवटी दिवस आहे की रात्र एवढंच कळायला लागलं. ऑपरेशनला नाना तयार होईनात. कल्याणने समजावलं, वाटूरला दिलेल्या मोठ्या बहिणीने, पुष्पाबाईने, रडून बघितलं. शेवटी नाना म्हणाले, "मरायच्या आधी एकदा पोराचं तोंड बघावं वाटतं. चला, काय कापायचं ते कापा." सगळं धावडं पाया पडून गेलं आणि कल्याणने बापाला जालन्याला आणलं. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी बांधून त्याच दिवशी घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता पट्टी सोडायला बोलावलं.

त्या दुसऱ्या दिवशीची ही सकाळ. पट्टी सुटल्यावर बापाला पहिलं दिसणार ते आपलं तोंड, म्हणून कल्याणला दाढी नेहमीपेक्षा चांगली करायची होती. मिशीच्या कडाही सरळ करून घ्याव्यात असं त्याच्या मनात आलं. मोहाला बळी पडतो माणूस, तो असा.

पत्ती जुनीच होती. खोबरेल थंडीत गोठतं म्हणून कल्याण त्या वर्षी तिला करडईचं तेल लावत आला होता. ते तेल थरावर थर वाळून पत्तीच्या खाचेत चिकट झालं होतं, आणि पत्ती रेझरमध्ये जराशी तिरपी बसली होती. ते त्याला दिसलं नाही. गालावर ती नीट चालली. मिशीच्या कडेला आल्यावर अडकली. अशा वेळी थांबायचं, हे तोच सगळ्या गोदामाला शिकवत आला होता. पण बाहेरून कौतिकाने, त्याच्या बायकोने, हाक मारली, "आवरा जल्दी, रिक्षावाला लवकर येतो म्हणून राह्यला," आणि कल्याणने जोर दिला.

मिशीचा डावा कोपरा साबणाच्या फेसात पडला.

त्याने आरशात बघितलं. मग डाव्याला जोडीदार म्हणून उजवीकडून थोडी घेतली. ती जास्त गेली. मग डावीकडून. दोन मांजरांचं लोणी वाटणाऱ्या माकडाने शेवटी तागडीत काय ठेवलं ते आपल्याला माहीत आहे. नाकाखाली दोन ठिपके उरले तेव्हा तो थांबला. ते ठिपके घेऊन माणसांत जाता येण्यासारखं नव्हतं. त्याने डोळे मिटून तेही काढून टाकले. डोळे उघडले तर आरशात एक ओळखीचं तोंड होतं. नानांचे वडील वारले तेव्हा नानांचं असंच तोंड त्याने लहानपणी बघितलं होतं आणि घाबरून आईच्या मागे लपला होता.

कौतिका टॉवेल घेऊन आली आणि दारातच थबकली. तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. मग ती अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, हे काय करून ठिवलं? नाना आत बसलेत."

"मला दिसत न्हाई का ते बसलेले?"

"त्यांची पट्टी सुटंल आज."

आतून नानांचा आवाज आला, "कल्याण, झाली का दाढी? पत्ती झटकली का? पुसू नको."

"झटकली नाना," कल्याण म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. म्हाताऱ्याने जन्माचं धाडस करून डोळा कापून घेतला होता, तो मुलाचं तोंड बघायला. आणि मुलाने तोंड तयार केलं होतं ते बाप मेल्याचं. खचलेल्या जिवाला एवढं पुरतं. नानांच्या वयाची माणसं कारण सापडलं की लगेच उठून चालायला लागतात, हे कल्याणने बघितलं होतं. नानांनी हे अशुभ मनाला लावून घेतलं तर ते चार दिवसही काढणार नाहीत, असं त्याला वाटलं.

कौतिकाने आधी काजळ आणलं. तिने जीव ओतून मिशी काढली, पण ती जत्रेतल्या सोंगाड्यासारखी दिसायला लागली, म्हणून साबणाने धुतली. वरचा ओठ काळपट-तांबूस झाला, तेवढीच भर. मग कोरोनातला एक मास्क कपाटातून निघाला. तो लावून कल्याण मोठ्या रस्त्यापलीकडच्या मच्छिंद्रच्या सलूनकडे पळाला. काही चिकटवता येत असेल तर, एवढीच वेडी आशा.

मच्छिंद्र एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता. कल्याणने मास्क खाली केला. मच्छिंद्रने ब्रश खाली ठेवला, भिंतीवरचा टीव्ही बंद केला आणि हात जोडून पुढे आला. "कवा गेले नाना?" खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसासकट उठून उभं राहिलं.

"कुठं जात्यात? घरी चहा पिऊन राह्यले."

आता मच्छिंद्र आधीपेक्षा जास्त हादरला. तो कल्याणच्या ओठाकडे आणि कल्याण जमिनीकडे बघत राहिला. कसं झालं ते सांगून झाल्यावर मच्छिंद्र म्हणाला, "भाऊ, केस म्हंजी मिरचीचं रोप न्हाई परत लावायला. चिकटवलेली मिशी घामानं ओठावरून ताटात येईल. तुमी आपलं मिशी येईपर्यंत तोंड झाका, आन् कोणाला दिसू नका."

सल्ला बरोबर होता, पण तो पाळायला कल्याणला फार तर दोन मिनिटं मिळाली. घाम आला म्हणून मास्क हातात घेऊन तो मोठ्या रस्त्याच्या कडेला तोंड पुसत उभा राहिला, आणि समोर गर्दीत अडकलेली भोकरदनची बस थांबली. खिडकीत तातेराव काका बसले होते. लेकीकडे जालन्याला आले असतील, आता गावाकडे निघाले असतील. काकांनी कल्याणचं ते शिमग्याला तासलेलं डोकं बघितलं, मिशी नसलेला ओठ बघितला, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. तोंड अर्धवट उघडं राहिलं. मग त्यांनी, ज्यांनी आजवर या घराकडे मान वळवून बघितलं नव्हतं त्यांनी, खिडकीतून दोन्ही हात जोडले.

कल्याण चक्रावला. काका नमस्कार करतात, म्हणजे नानांच्या डोळ्याची विचारपूस असावी, असं त्याला वाटलं. त्यानेही हात जोडले आणि मान हलवली. बस पुढे गेली. आपला ओठ उघडा आहे हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा बसची मागची पाटीसुद्धा दिसेनाशी झाली होती.

घरी आल्यावर विचार करायला वेळच नव्हता. रिक्षा दारात उभी होती. नानांना दोघांनी धरून, जवळजवळ उचलूनच रिक्षात बसवलं, दाराला कुलूप घातलं आणि निघाले. कल्याणचा फोन न्हाणीघराच्या फळीवर राहिला तो राहिलाच. कौतिकाने दवाखान्यातली पाटी वाचून आपला फोन मुका करून पिशवीत टाकला.

दवाखान्यात नंबर यायला फार उशीर लागला. दहाला बोलावलं आणि बारा वाजायला आले तरी बाकावरच. नाना शांत बसले होते, हात काठीवर, पट्टीखालून अर्धा चेहरा दिसत होता. मधेच म्हणाले, "कल्याण, गप कामून हायेस?" कल्याण म्हणाला, "काही न्हाई नाना." त्याला एकदा वाटलं, आत्ताच सांगून टाकावं, पट्टी सुटायच्या आधी, म्हणजे धक्का कानाने बसेल आणि डोळ्याला कमी बसेल. तो "नाना" म्हणालाही. पण शेजारच्या बाकावर कोणी हसलं, आणि त्याचा धीर सुटला.

आत डॉक्टरीणबाईंनी पट्टी हळूच सोडली, डोळा पुसला आणि विचारलं, "बाबा, काय दिसतंय?"

नाना बराच वेळ नुसते बघत होते. भिंतीकडे, खिडकीकडे, डॉक्टरीणबाईंच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे. मग कौतिकाकडे. "कौतिका," ते म्हणाले, "किती वाळली गं तू पोरी." कौतिकाने पदर तोंडाला लावला.

मग ती नवी नजर कल्याणवर आली. वर तासलेलं डोकं, खाली निळा मास्क, मधे घाबरलेले डोळे. "हा कोण?"

"मी हाय नाना."

"तोंड कामून झाकलं?"

"खोकला झाला. दवाखान्यात लावावा लागतो."

डॉक्टरीणबाईंनी कल्याणकडे बघितलं, कारण त्यांच्या दवाखान्यात दुसऱ्या कोणाच्याच तोंडाला मास्क नव्हता. पण त्या काही बोलल्या नाहीत. काळा चष्मा दिला, थेंबांची बाटली दिली आणि बजावून सांगितलं, डोळ्याला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. नाना उठले. दारात आल्यावर म्हणाले, "घरी गेलो का काढ ते. मी इतक्या लांब फडकं बघायला न्हाई आलो." कल्याणला वाटलं, रिक्षा उलटली तर बरं.

कौतिकाने बाहेर येऊन फोन बघितला, तर पुष्पाआक्काचे बरेच फोन येऊन गेलेले. डोळ्याची काळजी असेल, घरी जाऊन करू, म्हणून तिने तो परत पिशवीत टाकला. तो एक फोन केला असता तर सगळं निस्तरलं असतं.

गल्लीच्या तोंडाशीच रिक्षावाला थांबला. पुढे जायला जागा नव्हती. धावड्याच्या दोन जीपगाड्या उभ्या होत्या. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं भिंतीला टेकून मुकाट उभी होती. ओट्यावर बायका बसल्या होत्या आणि मधोमध पुष्पाबाई छाती बडवून रडत होती, "माझ्या नानाला शेवटचं पाणी बी न्हाई पाजलं गं." दारापुढे नवे हिरवे बांबू टेकवले होते, शेजारी सुतळी, पांढरं कापड आणि कोरं मडकं. असं सामान आणणारा एक तरबेज माणूस प्रत्येक गावात असतो, कोणी सांगायची वाट तो बघत नाही.

झालं होतं असं की तातेरावांनी बसमधूनच धावड्याला फोन केला, धावड्याहून वाटूरला फोन गेला, आणि सगळ्यांनी मिळून कल्याणला लावला तर तो उचलेना. मेलेल्याच्या घरी कोण फोन उचलतं. लोक येऊन बघतात तर दाराला कुलूप. शेजाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, सकाळीच दोघांनी उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. शेजारी खोटं बोलले नव्हते. त्यानंतर कोणी काही विचारायचं राहिलंच नाही.

कल्याण रिक्षातच गोठला. उतरून लोकांना आवरावं, की नानांना घेऊन उलट पळावं, हे त्याचं ठरायच्या आत नाना काठी टेकवत खाली उतरले होते.

पहिल्यांदा एका टोपीवाल्याने बघितलं. तो भिंतीपासून सुटा झाला आणि मागे सरकला. मग दुसऱ्याने. बोलणं बंद पडत पडत ओट्यापर्यंत गेलं. पुष्पाबाईने मान वर केली, बाप काळा चष्मा लावून समोर उभा असलेला बघितला, आणि छाती बडवणारा तिचा हात तसाच थांबला. कोणी पुढे येईना. एका म्हातारीने तर देवाचं नाव घेऊन डोळे मिटून घेतले. नानांनी चष्मा काढला. एवढ्या दिवसांनी दिसायला लागलं होतं, मिळेल ते बघून घ्यायचं होतं. त्यांनी माणसं बघितली, लेक बघितली, मग बांबू, मडकं आणि कापड बघितलं.

"हे कोणासाठी आणलं?"

पुष्पाबाई गुडघ्यांवर सरकत आली, तिने बापाचे पाय चाचपले, आणि मग ती जी रडली ते आधीपेक्षा मोठ्याने. नाना तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. आपल्याच मयताला आपण पायी चालत आलो आहोत, हे त्यांच्या हळूहळू लक्षात येत होतं. ते कल्याणकडे वळले. "काढ ते फडकं."

कल्याणने मास्क काढला. कौतिकाने पदराचं टोक मुठीत आवळलं. सगळ्या गल्लीने त्या ओठाकडे बघितलं आणि मग नानांकडे. त्यांनी काठी कौतिकाकडे दिली, जवळ आले, आणि अंगठा मुलाच्या वरच्या ओठावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला.

"पत्ती अडकली?"

"हो."

"तेल कोणतं लावलं?"

"करडईचं."

"ते वाळून चिकट व्हतं. खाचंत बसलं असंल. मंग अडकल्यावर थांबला न्हाईस?"

"न्हाई नाना. जोर दिला." कल्याणचा आवाज फुटला. "तुमाला तोंड चांगलं दिसावं म्हणून कडा काढायला गेल्तो. माझ्या हातानं अभद्र झालं."

नाना बघत राहिले. "मंग पत्तीची चूक न्हाई," ते म्हणाले. "आन् तुझं तोंड मला बराबर दिसलं. तुझी आई मिशीखाली दडून बसली व्हती इतके दिवस. हा ओठ तिचा हाय."

कल्याण बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. त्याला वाटलं होतं, या तोंडाने बाप जाईल. बाप तर त्या तोंडात कोणाला तरी शोधून बसला होता.

लोक सैल झाले. कोणी बांबू भिंतीआड सरकवले. चहाचं बोलणं निघालं. तेवढ्यात ओट्याच्या कोपऱ्यातून एक म्हातारा उठला. उपरण्याने तोंड झाकून तो सगळ्यांच्या आधीपासून तिथे बसलेला होता. बस पुढच्या थांब्यावर थांबताच उतरून तो पायी परत आला होता, आणि कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर बसून राहिला होता. आता तो कोणाशी न बोलता भिंतीच्या कडेकडेने निघाला.

"तो कोण चालला?" नानांनी विचारलं. नाव घ्यायला कोणी धजेना. नाना त्या पाठीकडे बघत राहिले. पाठ वाकली होती, पण चाल तीच होती. भिंतीपलीकडून ही पावलं त्यांनी रोज ऐकली होती.

"तातेराव," नाना म्हणाले, "मी मेलो म्हणून आल्तास ना? मंग आता जिता निघालो म्हणून चालला का?"

तातेराव थांबले. वळले नाहीत. "चुकलं माझं. सारं गाव मी गोळा केलं."

"ते राहू दे. पायरी चढलास. मी मरायची वाट न बघता चढलास." नाना ओट्यावर बसले आणि गालांवरून हात फिरवला. ऑपरेशनच्या आधीपासून वाढलेले खुंट हाताला टोचले. "कौतिका, ह्याचा दाढीचा डबा आण. आन् नवी पत्ती काढ."

कल्याणने दचकून बापाकडे बघितलं. जुनी पत्ती डब्यात असताना नवी काढायला सांगताना नानांना त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. धावड्याच्या माणसांनीही ऐकलं नव्हतं. कौतिका दोनदा विचारून मगच कुलूप काढून आत गेली.

"मला डोळ्याला पाणी लागू द्यायचं न्हाई म्हणाल्यात बाई," नाना तातेरावांना म्हणाले. "तू कर. सांभाळून."

तातेराव परत आले. नानांच्या पुढ्यात बसले, उपरणं बाजूला ठेवलं. उजवं मनगट डाव्या हाताने धरलं. त्यांनी रेझर गालावर टेकवला आणि त्याच्या वजनाने उतरू दिला. दोन्ही गाल झाले, हनुवटी झाली. मिशीच्या कडेपाशी तातेराव थांबले आणि तिला न शिवता खाली आले.

दाढी झाली. तातेरावांनी रेझर उघडून पत्ती काढली, गरम पाण्यातून बुडवली. पुष्पाबाईने पुसायला टॉवेल पुढे केला. तातेरावांनी मान हलवली आणि पत्ती हवेत दोनदा झटकली.

"पुसायची न्हाई," ते म्हणाले. "मी तवापासून एकदा बी ओली न्हाई ठिवली, आन् पुसली बी न्हाई."

डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. नानांना ते जमलं नाही.